मदत हवी आहे: कूलंट गळतंय, गाडी तापतेय (ठाणे)

नमस्कार मंडळी. माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. रविवारी घोडबंदर रोडने येताना गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि टेम्परेचरचा काटा थेट लाल पट्टीला. एसी बंद केला, हीटर फुल सोडला (मे महिन्यात! बायकोने जे बघितलं ते बघितलं), गाडी बाजूला घेऊन बंद केली. पाऊण तास थांबून, गार झाल्यावरच झाकण उघडलं. रिझर्व्हायर (इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची टाकी) रिकामा. होतं ते पिण्याचं पाणी ओतून कसाबसा मानपाड्याला घरी पोचलो.

सकाळी पार्किंगमध्ये पुठ्ठा सरकवून ठेवला, तर पुढच्या बाजूला, इंजिनच्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) अंगाला, हिरवट चिकट थेंब. वास गोडसर. फॅन फिरतोय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही. म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) शाबूत असावं, अशी आशा.

एक मेकॅनिक म्हणतो रेडिएटरच बदला. दुसरा म्हणतो वॉटर पंप (कूलंट फिरवणारा). दोघांनीही प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) केली नाही, नुसतं बॉनेट उघडून सांगितलं, त्यामुळे विश्वास बसत नाही. लीक बंद करणारी पावडर टाकायची नाहीये, रेडिएटर चोंदतो.

माजिवडा, कोलशेत किंवा कळव्याकडे प्रेशर टेस्ट करून मगच बोलणारा कुणी माहितीय का? पंप बदलला तर थर्मोस्टॅटही (तापमानानुसार कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह) सोबत बदलावा का? अंदाजे खर्च किती? आणि रोज ऐरोलीला जावं लागतं, तोवर पाणी भरत चालवू की गाडी उभीच ठेवू?