मदत हवी आहे (तातडीने): जुन्या स्वेटरांपासून जॅकेट, शिवणीला लाटा येताहेत

सुईदोरा_पुणे
जुने वूलन स्वेटर कापून, तुकडे जोडून बिनबाह्यांची जॅकेटं आणि लहान मुलांच्या बंड्या शिवते. ओळखीत विकल्या गेल्या, आता प्रदर्शनात स्टॉल घेतलाय आणि ऐन वेळी शिवणीने दगा दिला. ओव्हरलॉक (कड कापत धाग्याने गुंडाळणारी मशीनची शिवण) मारलं की कड ताणून लाटा येतात, खांदे लोंबतात. काही तुकडे तर कापल्या कापल्या उसवतात. उपाय सांगा, वेळ अजिबात नाही.

रानवारा
मशीन कोणतं? साधं की ओव्हरलॉकच? स्वेटर आधी आटवून घेतले होते का?

सुईदोरा_पुणे
ओव्हरलॉक लिहिलंय वर. आटवले म्हणजे? धुतलेत, स्वच्छ आहेत.

नीरजा७
म्हणजे आटवलेले नाहीत. मी एडिनबरात राहते, इथल्या चॅरिटी शॉपमधून लॅम्ब्सवूलचे (कोकराच्या लोकरीचे) स्वेटर आणून हेच करते. ६० अंशाला दोनतीन जुन्या जीन्सबरोबर वॉशिंग मशीनला लावायचे. लोकर एकमेकींत गुंतून जाड, घट्ट होते. मग कात्री लावली तरी धागा सुटत नाही, कडेला ओव्हरलॉकचीही गरज उरत नाही. वरून कपडे घालायच्या वॉशिंग मशीनला बहुधा पाणी तापवायचा हीटर नसतो, हे लक्षात ठेव. ‘सुपरवॉश’ (आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली) लिहिलेली लोकर मात्र आटत नाही.

अण्णा_सांगोला
परदेशी स्वेटरांच्या मागे कशाला लागता? आपल्याकडे दख्खनी मेंढीची लोकर आहे. सनगर विणकर मागावर घोंगडं विणतात, चिंचोक्याची खळ देतात, पिढ्यान्पिढ्या टिकतं. तेच कापून जॅकेट करा. मेंढपाळाला लोकरीचे पैसेही मिळत नाहीत हल्ली.

नीरजा७
अण्णा, कळकळ पटते, पण ती लोकर जाडीभरडी, लहान मुलाच्या मानेला टोचेल. आणि ताईचा प्रश्न शिवणीचा आहे.

अण्णा_सांगोला
आत सुती अस्तर लावा, टोचत नाही. आमच्या घरातली पोरं घोंगड्यावरच वाढली.

टॅक्सवाला_ठाणे
स्टॉलवर विकताय तर जीएसटी बघून ठेवा. फक्त वस्तू विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण राज्याबाहेर कुरियरने माल पाठवलात की साधारणपणे नोंदणी घ्यावीच लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के, त्याहून महाग कपड्यांवर १८. जॅकेटची किंमत ठरवताना २६०० लिहू नका.

सुईदोरा_पुणे
धन्यवाद, पण मला शिवण नीट करायची आहे!! कालपासून एकच खांदा उसवून परत शिवतेय.

रानवारा
मग हे सांग, स्वेटर आणलेस कुठून आणि ते लोकरीचेच आहेत हे ठरवलंस कशावरून?

सुईदोरा_पुणे
बोहारणीकडून, जुन्या बाजारातून, थोडे नातेवाइकांचे. वूलनच आहेत, हाताला कळतं.

रानवारा
हाताला नेहमी नाही कळत. हिवाळ्यात रस्त्याकडेला ‘वूलन’ म्हणून मिळतात त्यांतले पुष्कळसे अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. आतल्या शिवणीतून एक धागा ओढ, चिमट्यात धर, खाली वाटीत पाणी ठेव आणि जाळ. लोकर जळक्या केसांचा वास देते, ज्योत काढली की विझते, राख चिमटीत चुरा होते. अ‍ॅक्रिलिक भराभर जळतं, वितळतं, टोकाला टणक काळी गोळी राहते.

शिवणशाळा
एवढं कशाला? शिवून झालं की वाफेच्या इस्त्रीने दाबा, लाटा बसतात. गेली कित्येक वर्षं विद्यार्थिनींना हेच शिकवते.

रानवारा
लोकरीवर बसतात, मान्य. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री दाबलीत तर ते कायमचं सैल पडून लोंबतं, पुन्हा उभारी धरत नाही. कृपया सरसकट सांगू नका.

शिवणशाळा
वर ओलं सुती फडकं घालतोच आम्ही.

रानवारा
फडक्यातूनही वाफ जातेच की.

सुईदोरा_पुणे
जाळून बघितले. बहुतेकांची काळी गोळी झाली. नातेवाइकांकडचे जुने हातविणीचे तेवढे लोकरीचे निघाले, आणि त्यांतल्या दोघांना कसर लागलीय. आता?

नीरजा७
कसर लागलेले आजच वेगळे काढ. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेव, उणे १८ लागतं. मग झटकून धू. आटवलेस की बारीक भोकं बरीचशी मिटतात.

देशपांडे_काकू
डांबराच्या गोळ्या ठेवा की.

नीरजा७
काकू, लहान मुलांच्या बंड्या आहेत, तो वास आणि ते विष नको.

रानवारा
आता शिवण. ओव्हरलॉकला डिफरन्शियल फीडचं (पुढचे-मागचे दाते कापड कमीजास्त वेगाने सरकवतात, त्याचं) बटण असेल, ते १ वरून १.५ ते २ च्या मध्ये ने. प्रेसर फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब कमी कर. बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लाव. खांद्याच्या शिवणीत अरुंद सुती पट्टी घालून शीव, म्हणजे वजनाने लोंबणार नाही. उसवणाऱ्या तुकड्यांवर कापण्याआधीच, कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साध्या मशीनने बारीक टीप मार, मग मधून काप. तुकडे हातात ओढू नकोस, मशीनला घेऊ दे.

सुईदोरा_पुणे
१.८ वर कडा सरळ आल्या!! खांदा अजून बाकी आहे. सुती पट्टी कुठे मिळेल?

देशपांडे_काकू
रविवार पेठेत बोहरी आळीत. लेस-बटणांच्या दुकानात ‘सुती टेप’ म्हण.

सुईदोरा_पुणे
उद्या जाते. अ‍ॅक्रिलिकचा ढीग काय करू, टाकून देऊ?

नीरजा७
टाकू नकोस. गळ्याच्या आणि मनगटाच्या लवचीक पट्ट्या कापून लोकरीच्या जॅकेटांना लाव, बाकीच्याच्या बंड्या कर. फक्त चिठ्ठीवर ‘शुद्ध लोकर’ लिहू नकोस, ‘मिश्र धागा, गरम इस्त्री नको’ असं स्पष्ट लिही.

अण्णा_सांगोला
आणि एक तरी जॅकेट घोंगड्याचं ठेवा स्टॉलवर. विणकराची गाठ मी घालून देतो.