मोठी लॉग फाईल कॅटने नको, लेसने उघडा

दोन जीबीची लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाईल) लिनक्सच्या कॅट कमांडने उघडल्यावर टर्मिनलवर मजकूर धावतच राहिला, अशी एकाची तक्रार आहे. कॅट आख्खी फाईल एकदम पडद्यावर ओततो, म्हणून लहान फाईलसाठीच ठीक. लेस हा फाईल पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम आख्खी फाईल वाचत बसत नाही, पडद्यापुरता मजकूर वाचून लगेच दाखवतो. कॅपिटल जी दाबला की थेट शेवटी. तिथे ओळी मोजण्यात वेळ जात असेल तर कंट्रोल-सी दाबा, मोजणी थांबते; किंवा आधीच मायनस लहान एन हा पर्याय देऊन उघडा. लांबलचक ओळी गुंडाळल्या जाऊन गोंधळ होत असेल तर मायनस कॅपिटल एस, मग उजव्या बाणाने आडवे सरका.

चालू लॉगमधल्या नव्या नोंदी बघायला काही जण टेल मायनस एफ (फाईलचा शेवट दाखवत राहणारी कमांड) सुचवतात, पण एफ कॅपिटल हवा. लहान एफ उघडलेल्या फाईललाच धरून राहतो. रात्री लॉगरोटेटने (जुनी लॉग बाजूला करून नवी सुरू करणारा प्रोग्रॅम) तिचं नाव बदललं की तुम्ही जुन्याच फाईलकडे बघत बसता आणि नव्या नोंदी दिसत नाहीत. कॅपिटल एफ नावावर लक्ष ठेवतो.

मराठी मजकूर असेल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. लेसमध्ये ‘म’च्या जागी <ई०><ए४><एई> असे तुकडे दिसले तर फाईल बिघडलेली नाही. ‘म’चे ते तीन बाइट आहेत, लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) नसल्याने लेस ते सुटे दाखवतो. लोकेल कमांड चालवून बघा. त्यात लँग ही सेटिंग बरोबर असूनही एलसी-ऑल ही सेटिंग ‘सी’ (यूटीएफ-८ नसलेलं साधं लोकेल) असेल तर तेच वरचढ ठरतं. सर्व्हरवर हे फार वेळा होतं.