क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी थांबू नका
वर एकांनी लिहिलंय की वडिलांच्या लघवीतून रक्त गेलं, पण दुखत नव्हतं, आपोआप थांबलं आणि क्रिएटिनिनही (किडनीसाठीची रक्ततपासणी) नॉर्मल आलं, म्हणून पुढच्या तपासण्या केल्या नाहीत. कृपया करा, याच आठवड्यात. असं रक्त किडनीतल्या किंवा मूत्राशयातल्या गाठीमुळेही जाऊ शकतं, आणि क्रिएटिनिनवरून किडनीचं काम कळतं, गाठ आहे का ते नाही. एका किडनीत गाठ असली तरी दुसरी काम सांभाळून घेते. न दुखता जाणारं रक्त तर जास्तच गंभीरपणे घ्यायचं, त्यातून वडील सिगारेट ओढत असतील तर नक्कीच. युरॉलॉजिस्टना (मूत्रमार्गाच्या तज्ज्ञांना) दाखवा. सोनोग्राफी, गरजेप्रमाणे कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) करतील, शिवाय मूत्राशयही दुर्बिणीतून बघतील. किडनीतली गाठ ४ सेंटीमीटरच्या आत असताना सापडली, तर बरेचदा तेवढाच भाग काढून बाकीची किडनी वाचवता येते.