विषय: भाचीचं टेनिस आणि स्मरणिकेचा राहिलेला लेख

प्रेषक: माजी खजिनदार (सध्या मुक्काम वाशी)

मंडळी, नमस्कार.

टेनिसपटू ऋतुजा भोसलेवर आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं देतो असं कोजागरीला बोलून बसलो होतो. लेख झालेला नाही. पण बहिणीकडे आल्यापासून रोज पहाटे साडेपाचला भाचीला स्कूटरवर मागे बसवून कोर्टावर नेतोय, त्यामुळे विषयाची शिकवणी जोरात चालू आहे. रात्रीचं दव कोर्टावर तसंच असतं. मार्कर (कोर्टावरचा मदतनीस) आणि मी वायपरने बेसलाइन कोरडी करतो, तेव्हा कुठे पहिला बॉल पडतो.

भाची पंधरा वर्षांची. घरात दोन पक्ष आहेत. मेव्हणे माया पक्षाचे. २०२५च्या फेब्रुवारीत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) मुंबई ओपन ही महिलांची टेनिस स्पर्धा झाली. कोइम्बतूरची माया राजेश्वरन, तीही तेव्हा पंधराचीच, पात्रता फेरीतून आत आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे तिला जिल टाइशमानने अडवलं, पुढे स्पर्धाही टाइशमाननेच मारली. मेव्हणे त्या आठवड्यात मॅच बघून आले आणि परतीच्या हार्बर लोकलमध्येच ठरवून मोकळे झाले: बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, बाकी दिवसभर टेनिस.

बहीण ऋतुजा पक्षाची. अमेरिकेत कॉलेजात खेळ, डिग्री पदरात पाड, मग बघू. श्रीरामपूरची मुलगी टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि हांगझोच्या एशियाडात बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली, हे आमच्याकडे दिवसातून दोनदा ऐकू येतं. निवाडा करायला मला बसवलंय. आपल्यापैकी कोणाला कॉलेज टेनिसची माहिती आहे का?

---

प्रेषक: कॉलेज स्टेशनच्या (टेक्सास ए अँड एमच्या गावच्या) काकू

भाऊ, आमच्या घरात कोणी रॅकेट धरलेली नाही, पण यांना निवृत्तीनंतर कॉलेजच्या मॅचेसचा नाद लागला, म्हणून थोडं कळतं.

तिथली लढत दुहेरीने सुरू होते. तीन जोड्या, एकेकच सेट. दोन जोड्या जिंकल्या की संघाला एक गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकीला एक. म्हणजे सातातला पहिलाच गुण दुहेरीचा, त्यामुळे नेटजवळचा खेळ मुलींकडून घोटून घेतात. ड्यूसला, म्हणजे ४०-४० झाल्यावर, अ‍ॅडव्हांटेज नाही, एका पॉइंटवर गेमचा निकाल. आणि शेजारच्या कोर्टावरून आपल्याच मुली बोंबलत असतात, ते वेगळंच.

आता हांगझोचा अंतिम सामना आठवा. चायनीज तैपेईविरुद्ध पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-३ घेतला आणि तिसऱ्या सेटऐवजी असणारा सुपर टायब्रेक १०-४. बोपण्णा त्रेचाळीसचा, मुरलेला, हे खरंच. पण त्या टायब्रेकमध्ये मुलीचा हात आखडला नाही, तो मला कॉलेजातला रियाज वाटतो. माझा अंदाज हो, पुरावा मागू नका.

आणि भाचीने आधी कुठे बक्षिसाचे पैसे घेतले असतील तर नियम नीट वाचा. पै-पैचा हिशेब ठेवा. तुम्हाला ते सांगायला नको.

---

प्रेषक: डॅलसचे काका

नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम वाशीपासून तिसरं स्टेशन. २ नोव्हेंबर २०२५ला आपल्या मुलींनी तिथे वर्ल्ड कप जिंकला. पोरीच्या हातात बॅट द्या, विषय संपला.

---

प्रेषक: माजी खजिनदार

काका, सुचवून पाहिलं. "मामा, त्याला अजून दहा जणी लागतात," असं उत्तर मिळालं.

काकू, तुमची मेल बहिणीने प्रिंट काढून फ्रिजवर लावली आहे. मेव्हणे पाणी घ्यायचं झालं तरी दुसरीकडे बघत दार उघडतात.

मी आपला हिशेबाच्या वाटेने गेलो. डब्ल्यू १५, ३५, ५० असे जे महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे दर्जे असतात, तो आकडा म्हणजे एकेरी जिंकणारीला मिळणारे क्रमवारीचे गुण. बक्षिसाची रक्कम वेगळी, ती सगळ्यांत वाटली जाते. डब्ल्यू ३५ जिंकली की पस्तीस गुण. बावन्न आठवडे झाले की ते गुण खात्यातून वजा. आपल्या मंडळाच्या ठेवीवर निदान मुद्दल तरी परत मिळतं, इथे मुदत संपली की मुद्दलच जातं. आणि एशियाडच्या सुवर्णाचे या खात्यात शून्य गुण!

मग तारखा मांडल्या. सानिया २००७मध्ये एकेरीत २७व्या क्रमांकावर गेली, तेव्हा वीस वर्षांची होती. मेव्हण्यांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र आहे. पण अंकिता रैना बघा. अहमदाबाद सोडून पुण्यात हेमंत बेंद्रेंकडे आली, २०१८च्या एशियाडात एकेरीचं ब्राँझ घेतलं आणि १६०व्या क्रमांकावर, म्हणजे तिच्या सर्वोच्च जागी, पोचली ती २०२०मध्ये. वय सत्तावीस. ऋतुजाचं सुवर्ण २०२३चं, तेव्हा तीही सत्तावीसचीच. असं असेल तर बाविसाव्या वर्षी डिग्री घेऊन बाहेर पडणारीचं काय बिघडतं? मेव्हण्यांना हे कागदावर दाखवलं. ते म्हणाले, सानियाचं वय परत सांगा.

त्यांचंही अगदी चूक नाही. मायाने तर पंधराव्या वर्षीच त्या पातळीवर खेळून दाखवलं. पण आमची भाची अजून जिल्ह्यातल्या स्पर्धेत दुसरी फेरी गाठते, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. शिवाय मागच्या वर्षी एका अकादमीने फी आगाऊ घेतली आणि पावसाळाभर कोर्ट बंद ठेवलं, ती जखम ताजी आहे.

भाचीला काल परत येताना सत्तावीसचं सांगितलं. ती मागून म्हणाली, "म्हणजे अजून बारा वर्षं पहाटे साडेपाच?"

लेख शुक्रवारपर्यंत देतो. परवा तिच्या रॅकेटचं गटिंग (जाळीची तार) तुटलं, आठवड्यातलं दुसरं. डिसेंबरात कोणी मुंबईला येणार असेल तर पॉलिएस्टर स्ट्रिंगची एक रीळ आणाल का? १.२५ची जाडी. पैसे लगेच देतो, पावती मात्र ठेवा.