सासू-सासरे आणि दोन लहान मुलांसह डिस्ने वर्ल्ड, ऑरलँडो: दगदग कमी कशी करावी?

टिटवी: न्यू जर्सीहून सहा जण निघतोय. आम्ही दोघं, मुलगी ६ वर्षांची (उंची १०८ सेंमी), मुलगा अडीच वर्षांचा, सासूबाई ६८ आणि सासरे ७३. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सगळे शाकाहारी. शाळेला सुट्टी आहे म्हणून नोव्हेंबरचा पहिला आठवडा डोक्यात आहे. चार दिवसांत चार पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम) असा बेत. कुठे राहावं? व्हीलचेअर घ्यावी का? लायटनिंग लेनशिवाय (जादा पैसे भरून मिळणारी छोटी रांग) चालेल का?

खडीसाखर: आधी तारीख बदला, बाकीचं नंतर. त्या आठवड्यात जर्सीच्या शिक्षकांचं अधिवेशन असतं आणि निम्मं जर्सी ऑरलँडोला लोटतं. तिकडे त्याला 'जर्सी वीक' असंच म्हणतात. शाळा बुडवणं चालणार असेल तर थँक्सगिव्हिंग उलटल्यावर डिसेंबरचा पहिला आठवडा घ्या. ख्रिसमसची सजावट लागलेली असते, ऊन मऊ असतं आणि उन्हाळ्यातलं रोज दुपारचं वादळ नसतं. संध्याकाळी मात्र गारठा पडतो, तेव्हा स्वेटर हवेत.

एक खाच आहे. त्या दिवसांत काही संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये वेगळ्या तिकिटाची ख्रिसमस पार्टी असते आणि साध्या तिकिटावर आलेल्यांना ६ वाजता बाहेर काढतात. लोक म्हणून ते दिवस टाळतात, त्यामुळे दिवसा गर्दी कमी. म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं ६ नंतर तशीही थकतात. मुद्दाम पार्टीचाच दिवस निवडा.

उंबरठा: राहण्याबद्दल. सहा जणांना साध्या खोल्या दोन लागतील. डिस्नेच्या 'आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन'मधल्या फॅमिली सुटमध्ये सहा जण मावतात, बाथरूम दोन, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे, शेगडी नाही. तिथून स्कायलायनर नावाच्या तारेवरच्या पाळण्याने एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाता येतं. पाळण्यात बाबागाडी उघडीच ढकलता येते, बसमध्ये ती घडी करावी लागते. झोपलेलं पोर हातात असताना हा फरक कळतो.

डिस्नेबाहेर, शेजारच्या किसिमी गावात भाड्याचं घर घेतलंत तर स्वयंपाकघर मिळतं आणि पैसेही वाचतात. पण मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीने गेलं की पार्किंगपासून मोनोरेल किंवा फेरी धरावी लागते. गेटपर्यंत अर्धा-पाऊण तास धरा, परतताना पुन्हा तेवढाच. डिस्नेच्या हॉटेलची बस थेट गेटपाशी सोडते.

विमानतळावरून मोफत बस मिळते असं जुन्या लेखांत वाचाल. ती २०२२ पासून बंद आहे. फास्टपास, म्हणजे पूर्वीची मोफत छोटी रांग, तीही गेली.

साबुदाणा: व्हीलचेअर घ्याच. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. एपकॉटमध्ये तळ्याभोवतीची फेरीच जवळजवळ दोन किलोमीटर. गेटवर भाड्याने मिळते, पण ती पार्कबाहेर नेता येत नाही, म्हणजे बसपासून गेटपर्यंत पायीच. बाहेरून पूर्ण सहलीसाठी भाड्याने घ्या. सासरे "मला काय झालंय" म्हणणारच, तेव्हा खुर्चीला पिशव्या लटकवा आणि ती सामानासाठी आहे म्हणून सांगा. दुपारपर्यंत ते स्वतःच बसतील. खुर्ची असली म्हणून रांग चुकत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

अ‍ॅनिमल किंगडममधल्या सफारीचा ट्रक चांगलाच हादरतो, कंबरदुखी असेल तर विचार करा. 'पीपलमूव्हर' या राइडला सरकत्या पट्ट्यावरून चालत चढावं लागतं. 'लिव्हिंग विथ द लँड'ची होडी आणि 'फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग' हा बसून पाहायचा एसीतला कार्यक्रम, हे दोन्ही त्यांच्यासाठी उत्तम.

खडीसाखर: लेकीची उंची घरीच बूट घालून मोजा. रांगेच्या तोंडाशी नकार मिळाला की पुढचा तास रडारड. १०८ सेंमीमध्ये सेव्हन ड्वार्फ्स आणि स्लिंकी डॉग (९७), टियाना (१०२), गार्डियन्स (१०७) या राइड्स जमतात; कंसात किमान उंची. स्पेस माउंटन, एव्हरेस्ट, फ्लाइट ऑफ पॅसेज यांना ११२ लागते, ट्रॉनला १२२. ही नावं तिच्यासमोर काढूच नका.

लायटनिंग लेन सगळ्यांना घेऊ नका, जे बसणार त्यांनाच. तीन वर्षांखालच्या मुलाला तीही लागत नाही आणि प्रवेशाचं तिकीटही नाही. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी, बाकीच्यांना पार्कच्या दिवसाच्या ३ दिवस आधी सकाळी ७ वाजता निवड करता येते. रायडर स्विच मात्र फुकट आहे: एक पालक बाळाजवळ थांबतो, दुसरा बसून येतो, मग पहिल्याला पूर्ण रांग लावावी लागत नाही. रांगेत शिरण्याआधीच तिथल्या कर्मचाऱ्याला सांगायचं.

टिटवी: आणि चार पार्कांचं काय? हॉलिवूड स्टुडिओज गाळू का?

उंबरठा: माझ्या मते गाळा. तिथल्या नावाजलेल्या राइड्स सासू-सासऱ्यांच्या कामाच्या नाहीत. पहिल्या दिवशी मॅजिक किंगडम, मग एक दिवस पूर्ण रिकामा, मग अ‍ॅनिमल किंगडम (सकाळी लवकर, प्राणी तेव्हाच हिंडताना दिसतात), शेवटी एपकॉट. रोज १ ते ४ खोलीवर झोप. हे तीन तास वाया गेल्यासारखे वाटतात, पण ते कापले की संध्याकाळी सहाही जण एकमेकांवर खेकसतात.

साबुदाणा: पूर्ण गाळू नका हो, स्लिंकी डॉग सहा वर्षांच्या पोरीसाठीच आहे. रिकाम्या दिवशी एका पालकाने तिला घेऊन स्कायलायनरने अर्धा दिवस जावं, बाकीच्यांनी पोहण्याच्या तलावाशी बसावं. तेवढ्यासाठी दोघांच्याच तिकिटात एक दिवस वाढवा.

खाण्याचं: घरचं आत नेता येतं. थेपले, पोळीभाजीचे रोल, चिवडा चालतो. काचेची बरणी आणि सुटा बर्फ नाही, बर्फाच्या जेलच्या पिशव्या चालतात. जिथे पेयांचं मशीन आहे त्या काउंटरवर थंड पाणी फुकट मागा. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातलं 'सना' रेस्टॉरंट आधी बुक करा: नान, चटण्या आणि खिडकीबाहेर जिराफ. सासूबाईंना तेच जास्त आवडेल.