झांबियाचं कर्ज एकदा माफ झालं होतं, मग 2020 मध्ये देश पुन्हा का बुडाला?

पाऊसवेडी: एम.ए.च्या सेमिनारसाठी झांबिया घेतलाय. 2005-06 मध्ये सुमारे 7 अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज अर्ध्या अब्जावर आलं. नोव्हेंबर 2020 मध्ये मात्र 4.25 कोटी डॉलरचं व्याज थकलं. वर्गात सगळे म्हणतात, माफीने सवय लागते. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

किटवेकर: 2006 ते 2018 मी झांबियात किटवेला होतो, तांब्याच्या खाणींच्या शहरात, खाणींना पंप पुरवणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघायचो. माफीने काय झालं ते आधी सांगतो. एप्रिल 2006 पासून खेड्यांतल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद झाली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची आई गावी असायची. मलेरियाचा तापसुद्धा ती अंगावर काढायची, कारण फीचे पैसे म्हणजे घरातलं मक्याचं पीठ. "आता पैसे मागत नाहीत" हे त्या बाईंनी मला दोनदा सांगितलं होतं.

मग सावकार बदलला. जुनं कर्ज बहुतेक इतर देशांच्या सरकारांचं आणि जागतिक बँकेसारख्या संस्थांचं. 2012 मध्ये झांबियाने पहिल्यांदा डॉलरचे रोखे विकले, 75 कोटींचे, 5.375 टक्क्यांनी. 2014 मध्ये 8.5 टक्के, 2015 मध्ये जवळपास 9. त्यात रस्ते-विजेसाठी चिनी बँकांची कर्जं. 2015 ला देशाची मुख्य निर्यात असलेल्या तांब्याचा भाव पडला आणि क्वाचा, म्हणजे तिथलं चलनही. सकाळी दिलेलं कोटेशन दुपारी मागे घ्यावं लागायचं, इतका दर हलायचा. 2013 मध्ये डॉलरला पाचेक क्वाचा पडायचे, 2020 अखेरीस एकवीस. कर क्वाचात गोळा करायचा आणि हप्ता डॉलरमध्ये भरायचा, कुठून भरणार?

हिशोबनीस: पण सरकारनेही हात सैल सोडला होताच ना? रोखे घ्या म्हणून कुणी बळजबरी केली नव्हती.

किटवेकर: सोडला होता, मान्य. पण 9 टक्के व्याज धोक्याचं म्हणूनच घेतात ना? मग धोका खरा ठरल्यावर नुकसानही धनकोने सोसायला हवं. प्रत्यक्षात काय झालं? 2021 च्या सुरुवातीला झांबियाने जी-20 ने गरीब देशांच्या कर्जासाठी ठरवलेल्या चौकटीत सवलत मागितली. चीनसह सरकारी धनकोंशी 6.3 अब्ज डॉलरचा समझोता जून 2023 मध्ये झाला, रोखेधारकांशी जून 2024 मध्ये. तीन वर्षांहून जास्त देश ताटकळला, याचा मला आजही राग येतो.

पाऊसवेडी, रोमानियाचं प्रकरण नक्की बघा. 1979 मध्ये झांबियाने ट्रॅक्टर आणि शेती अवजारांसाठी त्यांच्याकडून उधारी घेतली. 1999 मध्ये डोनेगल नावाच्या फंडाने ते येणं सुमारे 33 लाख डॉलरना विकत घेतलं आणि पुढे साडेपाच कोटींचा दावा लावला. लंडनच्या कोर्टाने सुमारे 1.55 कोटी मंजूर केले. इकडे बाकीचे धनको कर्ज सोडत होते तेव्हाची ही गोष्ट. 2010 मध्ये ब्रिटनने अशा वसुलीवर मर्यादा घालणारा कायदा केला.

पाऊसवेडी: काका, सेमिनारची सुरुवात ट्रॅक्टरपासूनच करते. निकाल 2007 चा ना?

किटवेकर: हो, 2007. निकालपत्र पूर्ण वाचा, लांब आहे पण वाचा.