मदत हवी आहे: भाचा एमपीएससीत अडकलाय, बोलू कसं?

मंडळी, सल्ला हवाय. माझा भाचा २७ वर्षांचा, कृषी पदवीधर. चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतोय. पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य काही निघेना. त्यात २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, १७५० गुण. गोल काळे करायची सवय लागलेल्या पोराला आता पानंच्या पानं लिहायचीत.

मागच्या रविवारी त्याच्या खोलीवर गेले होते. टेबलावर वही, वर ठळक अक्षरात 'उत्तरलेखन, दिवस १'. सहज मागची पानं चाळली तर 'दिवस १' आणखी तीन ठिकाणी. 'दिवस २' कुठेच नाही. मी गुपचूप वही मिटली. खाली येऊन चहा प्यायलो, तो मोबाइलमध्येच होता.

ताई रोज फोनवर "अभ्यास झाला का?" विचारते. भावजी म्हणतात, खुल्या गटाला ३८ पर्यंत मुभा आहे, घाई कसली? मला तर तो आकडाच सापळा वाटतो. यशोगाथांची भाषणं त्याला पाठ आहेत, आणखी नकोत.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा: रोजची उत्तरं कोणाकडून तपासून घेतलीत? सोबत अर्धवेळ काम केल्याने फायदा झाला की अभ्यास मोडला? किती प्रयत्नांनंतर थांबायचं, हे आधीच ठरवलं होतंत का? आणि त्या वहीचा विषय मावशीने काढावा, की पोरगा दुखावेल?